ठिकाणाची चतुःसीमा : सह्याद्रीतील जीपीएस-वापरावरील एका पुस्तकाची प्रस्तावना

पेशवाईतील एखादे इनामपत्र घ्या, किंवा आजच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदविले जाणारे साधे खरेदीखत घ्या. जमिनीचे वर्णन त्यात एका ठरीव शिरस्त्याने केलेले आढळते. पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याची विहीर, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मजकूर जमीन. ही जमीन स्वतः कोठे आहे हे सांगण्याचा प्रयत्नच या वर्णनात नसतो. तिला कोणाचा शेजार आहे एवढेच सांगितले जाते, आणि तेवढ्यावर शतकानुशतके महसूल वसूल झाला, वतने चालली, तंटे उभे राहिले आणि गोतसभेपुढे मिटलेही. ओढा सरकला, विहीर बुजली, शेजारी निपुत्रिक वारला, म्हणजे मात्र दस्तऐवज मुका होई, आणि गावातील चार वृद्ध इसमांना शिवेवर उभे करून त्यांच्या स्मरणावर भिस्त ठेवावी लागे.

हातात मावणारे जीपीएस यंत्र ठिकाणाचे वर्णन याच्या अगदी उलट रीतीने करते. शेजारपाजाराची कसलीही चौकशी न करता ते एक अक्षांश आणि एक रेखांश नमूद करून मोकळे होते. भोवतीचे रान तोडले गेले, ओढ्यावर धरण बांधले गेले, गावाचे नाव बदलले, तरी ते दोन अंक जेथल्या तेथे राहतात. ही सोय लहान नव्हे. परंतु ज्या अंकांस शेजार लागत नाही त्यांस शेजाराची माहितीही नसते, आणि सह्याद्रीसारख्या मुलखात, जेथे दहा पावलांच्या अंतरात पठार संपून हजार-दोन हजार फुटांचा कडा सुरू होतो, तेथे बिंदूच्या शेजारी काय आहे हे ठाऊक नसणे जिवावर बेतू शकते. प्रस्तुत पुस्तक डोंगरांत पायी हिंडणाऱ्यांनी हे यंत्र कसे वापरावे यासंबंधी आहे. लेखकाने प्रस्तावनेची कामगिरी मजवर सोपविली ती माझा यासंबंधीचा आग्रह त्यास पूर्वीपासून ठाऊक असल्यामुळेच, असे मी समजतो. यंत्रात नोंदविलेल्या प्रत्येक बिंदूस त्याची चतुःसीमा जोडली पाहिजे, हा तो आग्रह होय. पुढील मजकूर बहुतांशी त्याच्याच समर्थनार्थ आहे.

प्रथम यंत्राच्या करणीविषयी थोडे. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, सहा कक्षांत वाटलेले, निदान चोवीस उपग्रह साधारणतः बारा तासांत एक या गतीने पृथ्वीस प्रदक्षिणा घालीत असतात. प्रत्येक उपग्रह स्वतः कोठे आहे आणि त्याच्या घड्याळात किती वाजले आहेत, इतकेच अखंड सांगत असतो. आपल्या हातातील यंत्र त्यास काही विचारीत नाही आणि काही कळवीतही नाही. ते केवळ ऐकते. म्हणूनच ‘उपग्रहास माझा ठावठिकाणा कळतो’ ही जी समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे ती निराधार होय, आणि ती बाळगून रानात एकट्याने जाणाऱ्यास, आपण हरवलो तर वरून कोणीतरी पाहील असे वाटत असेल, तर त्याने ही आशा घरीच ठेवून निघावे. संदेश निघाल्याची वेळ आणि तो पोहोचल्याची वेळ यांतील फरकास प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. तीन उपग्रहांची अंतरे मिळाली म्हणजे स्थान निश्चित व्हावयास हरकत नसावी. पण यंत्रातील घड्याळ स्वस्तातले असते, आणि सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे तीनशे मीटरांची चूक. ही चूक शोधून काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. उपग्रहांवरील आण्विक घड्याळांचीही एक निराळीच कथा आहे. वेगामुळे ती मंदावतात, गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे जलद होतात, आणि वजाबाकी करता दिवसाकाठी ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाने वर्तविलेली ही तफावत आधीच हिशेबात धरली नसती, तर एका दिवसात स्थाननिश्चिती दहा किलोमीटरांहून अधिक ढळली असती. एरवी व्यवहारास निरुपयोगी भासणारा हा सिद्धांत अशा रीतीने हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या खिरेश्वरच्या वाटेवरील एखाद्या तरुणाच्या खिशात येऊन बसला आहे.

ही योजना मुळात अमेरिकेच्या लष्कराची. १९७३ मध्ये तिची आखणी झाली आणि पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ही सेवा सर्व जगाच्या नागरी वापरास खुली राहील असे अमेरिकेने जाहीर केले. हातात धरता येईल असे पहिले विक्रीचे यंत्र मॅजेलन कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणले, आणि १९९५ मध्ये संपूर्ण व्यवस्था कार्यान्वित झाल्याची घोषणा झाली. तथापि नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात हेतुपुरस्सर बिघाड घालण्याचा शिरस्ता लष्कराने चालूच ठेवला होता, आणि त्यायोगे स्थान शंभर मीटरांपर्यंत चुके. समुद्रावरील नाखव्यास शंभर मीटरांचे काय वाटणार? पण धुक्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसास शंभर मीटर म्हणजे इहलोक आणि परलोक यांतील अंतर होय. २ मे २००० रोजी हा बिघाड बंद करण्यात आला, आणि जगातील प्रत्येक यंत्र, त्यात काहीएक बदल न करता, एका रात्रीत कित्येक पटींनी अचूक झाले. डोंगरवाटांच्या दृष्टीने या यंत्राचे युग तेव्हापासूनचेच म्हटले पाहिजे. पुढे रशिया, युरोप आणि चीन यांच्या व्यवस्था सिद्ध झाल्या, आणि १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडून भारतानेही आपली प्रादेशिक व्यवस्था उभारावयास घेतली, जिला २०१६ मध्ये नाविक हे नाव मिळाले. परक्याच्या मर्जीवर विसंबून राहू नये हा तिच्यामागील विचार योग्यच आहे. आरंभीच्या उपग्रहांवरील आयात केलेली आण्विक घड्याळे निकामी होत गेल्यावर, २०२३ च्या उपग्रहावर स्वदेशी घड्याळ बसविण्यात आले, हेही त्या विचारास धरूनच झाले.

येथवरची हकिकत उपग्रहांची झाली. नकाशाची हकिकत अधिक जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या वर्धा जिल्ह्यात गुंतला आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटनने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला, आणि सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट यंत्र टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवीत तो दोन दशके उत्तरेकडे सरकत राहिला. जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे त्यास मृत्यू आला आणि तेथेच त्याचे दफन झाले. त्याचे काम पुढे चालविणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने या मोजणीवरून पृथ्वीचा जो लंबगोल आकार १८३० मध्ये बसविला, तो हिंदुस्थानच्या भूमीस उत्तम बसत होता. मात्र त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळत नव्हते, आणि जुळावे अशी कोणास गरजही नव्हती. सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट याच लंबगोलावर बेतलेले आहेत. जीपीएसचा लंबगोल, ज्यास डब्ल्यूजीएस-८४ म्हणतात, तो पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती रचलेला आहे. परिणाम असा की, एकाच देवळास जुन्या नकाशावर एक अक्षांश-रेखांश आणि यंत्रात दुसरे, आणि महाराष्ट्रात या दोहोंतील फरक शंभर मीटरांच्या आसपास जातो. म्हणजे अमेरिकेच्या लष्कराने जो बिघाड २००० साली मागे घेतला, तो ‘डेटम’ची, म्हणजे कोणता लंबगोल धरावयाचा याची, निवड न पाहणारा मनुष्य स्वहस्ते पुन्हा पदरात पाडून घेतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये डेटमचा एक लहानसा रकाना असतो. बहुसंख्य मालकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार नागरिकांसाठी डब्ल्यूजीएस-८४ वर बेतलेली निराळी मालिका काढण्याचे ठरले, हे खरे. परंतु गिर्यारोहकांच्या कपाटांत अद्याप जुन्या शीटांच्या झेरॉक्स प्रतींचेच राज्य आहे. त्यास कारणही तसेच होते. किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरांच्या पट्ट्यातील शीट संरक्षणाच्या सबबीखाली सर्वसामान्यांस मिळत नसत, आणि सह्याद्रीची मुख्य धार बव्हंशी त्या पट्ट्यातच येते, त्यामुळे ज्याच्या हाती एखादी प्रत लागली त्याच्याकडून ती शहरभर फिरत असे.

डेटमइतकाच दुसरा सापळा अंक लिहिण्याच्या पद्धतीत आहे. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील एक अक्षांश घेऊ: १९ अंश २३ कला ३० विकला. हाच कोणी फोनवरून ‘एकोणीस, तेवीस, तीस’ असा सांगितला, आणि ऐकणाऱ्याच्या यंत्रात कला दशांशात लिहिण्याची पद्धत चालू असली, तर तो १९ अंश २३.३० कला असे भरतो, आणि सांगितलेल्या जागेपासून सुमारे ३७० मीटर दक्षिणेस जाऊन उभा राहतो. त्याहून उतावळा मनुष्य १९.२३३० अंश असेच भरून टाकील. तो सतरा-अठरा किलोमीटर चुकेल. ही दुसरी चूक परवडली, कारण ती लक्षात तरी येते. पहिलीचा गुन्हा असा की तिने दाखविलेली जागा पटण्यासारखी असते: डोंगर तोच, पठार तेच, फक्त उतरण्याची नाळ पलीकडली. एक कला म्हणजे सुमारे १,८५० मीटर आणि एक विकला म्हणजे सुमारे ३१ मीटर, ही दोन माने ज्याने पाठ केली आहेत तो मनुष्य अशा ठिकाणी सहसा फसत नाही, आणि लेखकाने ती दुसऱ्या प्रकरणाच्या अगदी आरंभी ठळक छापली हे फार चांगले केले.

आता मुख्य बाबीकडे वळतो. यंत्र ठिकाण दाखविते, वाट दाखवीत नाही. निदान ती वाट कोणीतरी चालून नोंदविलेली असल्याखेरीज दाखवीत नाही. कोकणकड्याखालील बेलपाड्यात उभे राहून कड्याच्या माथ्याचा बिंदू निवडावा आणि ‘गो-टू’ची कळ दाबावी, पडद्यावर एक बाण उमटतो आणि त्याखाली अंतर येते. ते अंतर पाहून नवख्यास वाटते की, चहाच्या वेळेस वर पोहोचू. बाण कड्याच्या पोटातून आरपार जातो, कारण त्यास कडा ठाऊक नाही. प्रत्यक्षात नळीच्या वाटेने वर जाण्यास उत्तम चालणाऱ्याचाही सबंध दिवस जातो, आणि त्या वाटेत तर बाणावर विसंबण्याचीही सोय नाही. दोन्ही बाजूंस काळ्या पाषाणाच्या भिंती उभ्या राहिल्या की आकाशाची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरते, उपग्रह मोजके दिसतात, आणि जे दिसतात त्यांचे संदेश भिंतीवर आपटून, लांबचा फेरा घेऊन यंत्रापर्यंत येतात. यंत्र बिचारे तो फेरा अंतर समजून हिशेब करते. अशा नाळेतून चढून आलेल्याचा ट्रॅक नंतर घरी संगणकावर पाहिला तर रेघ नाळेच्या दोन्ही कडांवरून उड्या मारीत गेलेली दिसते. जणू तो मनुष्य दर मिनिटास शंभर फुटांच्या भिंतीवर चढून पुन्हा खाली येत होता. याउलट धुके आणि पाऊस यांस हे संदेश जुमानीत नाहीत. आषाढातील पठारावर, जेथे पुढच्याची पाठ दिसत नाही आणि गुरांच्या ढोरवाटा दहा दिशांना फुटलेल्या असतात, तेथे उघड्या आकाशाखाली हे यंत्र पाच-सात मीटरांच्या आत जागा सांगते, आणि तेथेच त्याचे खरे मोल कळते. ज्या जागी डोळे चालतात तेथे यंत्र चाचरते आणि जेथे डोळे निकामी होतात तेथे ते खणखणीत बोलते, ही योजना कोणी मुद्दाम केलेली नसली तरी आपल्या पथ्यावर पडणारी आहे.

बाणाविषयी आणखी एक सांगावयाचे आहे. ज्या यंत्रात चुंबकसूचीची सोय नाही ते उभ्या जागी दिशा ओळखू शकत नाही. चार पावले चालल्यावर, आधीच्या आणि आताच्या स्थानावरून, ते दिशा अनुमानाने काढते. उभे राहून बाण इकडेतिकडे फिरताना पाहून त्यास शिव्या देणारे पुष्कळ भेटतात. तसेच, झाडाखाली न्याहारीस बसले असता यंत्र चालूच राहिले तर स्थानातील बारीक कंप साठत जातात आणि मालकाने बसल्या जागी अर्धा किलोमीटर चाल केल्याची नोंद होते. दिवसभराच्या तंगडतोडीचे आकडे फुशारकीने सांगणाऱ्यांच्या हिशेबात ही न्याहारीची चाल किती मिसळलेली असते, याचा शोध कोणी घेतलेला नाही, आणि मैत्री टिकवावयाची असल्यास घेऊही नये.

आता चतुःसीमेचा प्रश्न. वेपॉइंट, म्हणजे ठिकाणाचा बिंदू, नोंदविण्याची कळ दाबली की यंत्र स्वतःच त्यास ००१, ००२ असे क्रमाने नाव देते. जुन्या यंत्रांत नावास सहाच रोमन अक्षरे मिळत, त्यामुळे आळसास सबबही होती. आता ती उरलेली नाही, आळस मात्र आहे. एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या फाइली उघडून पाहाव्यात तर ०४७ या नावाचा एक बिंदू डोंगराच्या सोंडेवर टिंब होऊन बसलेला असतो. तेथे पाणी होते, की वाट फुटत होती, की कोणाचा चष्मा पडला होता? नोंदविणाऱ्यास महिन्याभरात आठवत नाही. दुसऱ्यास कधीच कळत नाही. याच्याशी ताडून पाहण्यासाठी मी एक नोंद जशी असावी तशी येथे देतो. ‘तोलार खिंड. खिरेश्वराहून चढून येता डाव्या हातास गडाकडील कातळटप्पा, त्यास लोखंडी कठडे. समोर उतरल्यास कोथळे. खिंडीत वाघाचे कोरीव शिल्प. पुढे पाणी मिळेलच असे धरू नये.’ या पाच ओळींनी अंकांस काय मिळते? यंत्राने जागा वीस मीटर चुकविली तरी शिल्प दिसल्यावर माणूस ती दुरुस्त करतो, आणि डेटम चुकल्यामुळे सबंध नोंदच सरकली असेल तर कठड्यांचा पत्ता नाही हे पाहून त्यास तात्काळ संशय येतो. अंकांची रुजवात शेजारावरून होते आणि शेजाराची अंकांवरून. पाण्याच्या नोंदीस महिना लिहिणे तर मी सक्तीचे करीन: श्रावणात भरलेले टाके फाल्गुनात कोरडे असते, आणि तारखेवाचून केलेल्या पाण्याच्या नोंदीइतकी निर्दय नोंद दुसरी नाही.

ही माहिती कोठून मिळावयाची, तर ती त्या रानात राहणाऱ्यांकडून. अमुक नाळ पावसात बंद होते, तमक्या धारेवर कारवी माजली म्हणजे वाट सापडत नाही, या पदरातून त्या पदरात गुरे कोठून नेतात, हे तेथील महादेव कोळी, ठाकर आणि धनगर यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि त्यांच्या तोंडी प्रत्येक दगडास आणि वळणास नाव आहे. टोपोशीटवर त्यांतील दहावा हिस्साही नाही. यंत्र घेऊन जाणारा आता वाटाड्या घेत नाही, ही गोष्ट मला केवळ वाटाड्याच्या मजुरीच्या दृष्टीनेच खेदाची वाटते असे नव्हे. त्या नावांची नोंद करण्याची शेवटची संधीही तो त्याचबरोबर दवडतो. या पुस्तकाच्या लेखकाने प्रत्येक वाटेवर स्थानिक मनुष्य बरोबर घेतला, त्याने सांगितलेली नावे त्याच्याच उच्चाराप्रमाणे लिहिली, आणि दोन गावांनी एकाच खिंडीस दोन नावे दिली असतील तर दोन्ही दिली. पुस्तकाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

दोन इशारे थोडक्यात देतो. गावात हे यंत्र दिसले की कोणीतरी बांधाची मोजणी करून द्या म्हणतो. ते कदापि करू नये. पाच मीटरांच्या अचूकतेने मोजलेला बांध म्हणजे दोन घरांत पिढीजात वैर. ते काम भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीदाराचे आणि त्याच्या निराळ्या उपकरणांचे आहे. दुसरे असे की, उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी जी यंत्रे परदेशांत सर्रास मिळतात ती, दिसावयास अशीच असली तरी, भारतात परवान्यावाचून बाळगणे गुन्हा आहे, आणि विमानतळावर त्यापायी अटक झालेले परदेशी प्रवासी आहेत. केवळ ऐकणाऱ्या यंत्रास ही अडचण नाही.

मोबाइल फोन असता निराळे यंत्र कशास, असे विचारणाऱ्यांचे म्हणणे अगदीच झिडकारण्याजोगे नाही. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर फोनमधील जीपीएस रेंजवाचूनही चालते, आणि पुष्कळांस तेवढे पुरते. परंतु भिजलेल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही, भर उन्हात तो दिसत नाही, आणि त्याची बॅटरी संपली म्हणजे संपली. या यंत्रांत बहुधा गावच्या किराणा दुकानात मिळणारे साधे पेन्सिल सेल चालतात. भीमाशंकरच्या पावसात ज्याने फोन पिशवीतून बाहेर काढून पाहिला आहे त्यास अधिक सांगण्याची गरज नाही. यंत्र दूरच्या प्रांतात नेले, किंवा दीर्घकाळ कपाटात पडून राहिले, तर पहिल्या दिवशी त्यास मोकळ्या आकाशाखाली पाव तास स्वस्थ ठेवावे. उपग्रहांचे संपूर्ण पंचांग उतरवून घेण्यास साडेबारा मिनिटे लागतात, आणि ती घाईने कमी होत नाहीत.

पुस्तकाची मांडणी वाचकांनी अनुक्रमणिकेत पाहावी. ती येथे पुन्हा सांगत नाही. फक्त एका बाबीचा खुलासा करणे अवश्य आहे. परिशिष्टातील बिंदूंच्या यादीत काही जागा वगळलेल्या आहेत, आणि त्या नजरचुकीने वगळलेल्या नव्हेत. ज्या कड्यांवर गिधाडांची घरटी उरली आहेत, ज्या गुहांतील कोरीव कामावर अद्याप कोणी आपले नाव खरडलेले नाही, आणि ज्या टाक्यांवर एखाद्या वाडीचे उन्हाळ्यातील पिण्याचे पाणी अवलंबून आहे, त्यांचे अक्षांश-रेखांश लेखकाजवळ आहेत, परंतु ते छापावयाचे नाहीत असा निर्णय त्याने माझ्याशी विचारविनिमय करून घेतला. या निर्णयाची अर्धी जबाबदारी माझी आहे. ते अंक मागणारी पत्रे येतील याची आम्हा दोघांस खात्री आहे. त्यांस उत्तर जाणार नाही.